रोजच्या अपडाऊनसाठी डिझेल कार घ्यावी की इलेक्ट्रिक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळेगावहून हिंजवडीला, डोंबिवलीहून महापे-ऐरोलीला किंवा नाशिकरोडहून अंबडच्या एमआयडीसीत रोज स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. हिशेबात धरलेले इंधनाचे आणि विजेचे दर सोयीसाठी गोल केलेले आहेत. आपल्या पंपावरचा दर आणि आपल्या वीजबिलातला आकडा घालून तेच गणित पुन्हा करून पाहावे.

गाडी निवडायला सुरुवात कुठून करावी? किमतीपासून की ॲव्हरेजपासून?

रात्री गाडी कुठे उभी राहणार, या प्रश्नापासून सुरुवात करावी. आपली स्वतःची पार्किंगची जागा आहे का, तिथपर्यंत आपल्या मीटरची वायर पोहोचते का आणि ती ओढायला कोणाची हरकत आहे का, या तीन गोष्टींची उत्तरे मिळेपर्यंत शोरूमची पायरी चढण्यात अर्थ नाही. ही उत्तरे 'होय' अशी आली, तर इलेक्ट्रिक गाडीचा विचार खर्चाच्या अंगाने करता येतो; ती 'नाही' अशी आली, तर हौस म्हणून इलेक्ट्रिक घेता येईल, पण काटकसर म्हणून घेणे अवघड आहे. त्यानंतरचा प्रश्न रोजच्या अंतराचा. गाडीची किंमत, तिचा रंग आणि छतावरची काच हे सगळे त्याच्या मागून येते. बहुतेक घरांत मात्र चर्चा नेमकी उलट्या क्रमाने होते, आणि वायरचा प्रश्न गाडी दारात आल्यावर निघतो.

डिझेल स्वस्त पडते असे वडीलधारी मंडळी सांगतात. ते आता खरे राहिले नाही का?

ते ज्या काळाविषयी बोलतात, त्या काळात ते अगदी खरे होते. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात लिटरमागे २५ ते ३० रुपयांचे अंतर होते, कारण डिझेलचा दर सरकार ठरवत असे आणि तो मुद्दाम कमी ठेवला जाई. शिवाय डिझेल इंजिन मुळातच एका लिटरमध्ये जास्त पळते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि हे अंतर निम्म्यावर आले. पुढे १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे कडक निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी डिझेल गाडीच्या धुरावर जी यंत्रणा बसवावी लागते, तिच्या खर्चाने लहान डिझेल गाडीचे गणितच बिघडले. मारुती सुझुकीने त्याच वेळी डिझेल गाड्या बंद केल्या, आणि रांजणगावच्या कारखान्यात तयार होऊन कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत धावलेले १.३ लिटरचे फियाटचे ते प्रसिद्ध इंजिन इतिहासजमा झाले.

त्यामुळे आज लहान गाडीत डिझेल हवे म्हटले तर निवडीला फारसा वाव उरलेला नाही. हॅचबॅकमध्ये टाटा अल्ट्रोझ आहे. चार मीटरच्या आतल्या उंच गाड्यांत नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ आहेत. इलेक्ट्रिकमध्ये टियागो, पंच आणि नेक्सॉनच्या विजेवरच्या आवृत्त्या, एमजीची कॉमेट आणि विंडसर, तसेच सिट्रोएनची ईसी३ यांचा विचार होऊ शकतो.

किलोमीटरमागे नेमका किती फरक पडतो?

एका बाजूचे अंतर २५ किलोमीटर आणि महिन्याला कामाचे दिवस २४ असे धरले, तर वर्षाला १४,४०० किलोमीटर होतात. अधूनमधून सासुरवाडी, लग्नकार्य आणि भाजी मंडई मिळवून १५,००० धरू.

डिझेल ९० रुपये लिटर आणि शहरातल्या गर्दीत ॲव्हरेज १६ धरले, तर किलोमीटरला सुमारे ५ रुपये ६० पैसे पडतात, म्हणजे वर्षाला साधारण ८४,००० रुपये. इलेक्ट्रिक गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर सुमारे ६ किलोमीटर जाते. चार्जिंग होताना वाया जाणारी वीज यात धरलेली आहे. आपल्याला बिल भरायचे असते ते मीटरमधून गेलेल्या विजेचे. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा बॅटरीतून खर्च झालेल्या विजेचा असतो, आणि तो नेहमी जरा जास्त गोड असतो. घरची वीज सगळे आकार धरून १२ रुपये युनिट मानली, तर किलोमीटरला २ रुपये आणि वर्षाला ३०,००० रुपये होतात. तीच गाडी केवळ सार्वजनिक चार्जरवर, करासह २४ रुपये युनिटने चार्ज केली, तर किलोमीटरला ४ रुपये आणि वर्षाला ६०,००० रुपये लागतात.

आता दोन्ही गाड्यांच्या ऑन रोड किमतीत इलेक्ट्रिक २ लाखांनी महाग आहे असे समजा. घरी चार्ज करणाऱ्याचे हे २ लाख पावणेचार वर्षांत वसूल होतात. केवळ बाहेर चार्ज करणाऱ्याला त्याच वसुलीसाठी आठ वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. गाडी तीच, रस्ता तोच. फरक फक्त रात्रीच्या जागेचा.

आणखी एक हिशेब करून ठेवावा. ज्याचे वर्षाचे फिरणे ६,००० किलोमीटरच आहे, त्याची घरी चार्ज करूनही वर्षाची बचत २२,००० रुपयांच्या आसपास राहते आणि २ लाख फिटायला नऊ वर्षे लागतात. अशा माणसाला डिझेलही परवडत नाही आणि इलेक्ट्रिकही. त्याने साधी पेट्रोल गाडी घेऊन उरलेले पैसे बँकेत ठेवावेत.

घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर वीजबिल वरच्या टप्प्यात जाते, असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे, आणि शोरूममध्ये हे कोणी आपणहून सांगत नाही. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा महाग असतो. वाढीव दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला लागत नाही, एवढा दिलासा आहे. वर्षाला १५,००० किलोमीटर म्हणजे महिन्याला सुमारे २०८ युनिट. ज्या घराचा वापर आजवर १२० युनिट होता, तो ३२८ वर जातो. म्हणजे गाडीची जवळजवळ सगळी वीज दुसऱ्या टप्प्यात आणि थोडी तिसऱ्या टप्प्यात मोजली जाते. ज्या घरात दोन एसी चालतात आणि वापर आधीच ३०० च्या वर आहे, तिथे गाडीचे प्रत्येक युनिट वरच्याच टप्प्यातले असणार. वर धरलेले १२ रुपये तिथे पुरणार नाहीत.

बिल हातात घेऊन फक्त 'वीज आकार' पाहू नये. त्याच्या जोडीला वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क असते. मागच्या महिन्याची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असे केले तर सरासरी निघते, पण गाडीची वीज त्या सरासरीपेक्षा महागच पडते, कारण ती नेहमी वरच्या टोकाला जोडली जाते.

यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रिक वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर. या वापरासाठी राज्य वीज नियामक आयोगाने वेगळी दरश्रेणी ठेवली आहे. तिला घरगुती टप्पे लागत नाहीत आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे दरात फरक पडतो. मीटरसाठीची अनामत आणि वायरिंग असा एकदाचा खर्च येतो, पण महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्याला तो फार काळ जाणवत नाही. ज्यांच्या बंगल्याच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत आणि गाडी दिवसा घरी असते, त्यांचा प्रश्न आणखी सोपा आहे. परंतु अपडाऊन करणाऱ्याची गाडी दिवसा घरी नसते, हे विसरू नये.

सोसायटी परवानगी देत नसेल तर काय करावे?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनमालकाला आपल्या घरच्या किंवा कार्यालयाच्या असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा आहे. तरीही मीटरपेटीपासून आपल्या जागेपर्यंतची वायर सोसायटीच्या सामाईक भिंतीवरून जाते, त्यामुळे व्यवस्थापन समितीशी बोलणे टळत नाही.

अनुभव असा की 'परवानगी द्या' असा एका ओळीचा अर्ज फेटाळला जातो आणि सविस्तर अर्ज मंजूर होतो. आमच्या सोसायटीत पहिल्या गाडीच्या वेळी सभेत तासभर वाद झाला. आग लागेल, लिफ्ट बंद पडेल, सामाईक मीटरवर वीज चोरली जाईल, असे तीन आक्षेप होते. अर्जदाराने पुढच्या सभेत परवानाधारक वायरमनचा नकाशा आणला. त्यात वायरची जाडी, ती कोणत्या पाइपातून जाणार, भार वाढल्यास आपोआप वीज तोडणारी कळ (एमसीबी) कुठे बसणार, अर्थिंग कसे असणार आणि वीज स्वतःच्याच मीटरमधून येणार, हे लिहिलेले होते. चर्चा दहा मिनिटांत आटोपली. आज त्याच पाइपातून चार गाड्यांच्या वायरी गेल्या आहेत, आणि पहिल्या सभेत सर्वांत मोठ्याने विरोध करणाऱ्या काकांची गाडी त्यातली तिसरी आहे.

स्टॅक पार्किंग, म्हणजे यंत्राने एकीवर एक गाडी ठेवण्याची जागा, किंवा खुली, दरवर्षी सोडत निघणारी पार्किंग असेल, तर मात्र कोणताही नकाशा उपयोगाला येत नाही. तिथे सोसायटीने मिळून सामाईक चार्जर बसवला तरच काम होते.

साध्या जाड पिनच्या सॉकेटवर गाडी चार्ज होते का? वेगळा चार्जर लागतोच का?

होते. गीझर किंवा एसीला वापरतो त्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिट जातात. रोज ५० किलोमीटर जाणाऱ्याला दिवसाला आठ-नऊ युनिट पुरतात, म्हणजे तीन तासांचे काम. रात्री जेवण झाल्यावर पिन लावली तर झोपेपर्यंत गाडी तयार. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर रोजच्या अपडाऊनसाठी गरजेचा नाही. तो बसवायचाच असेल तर मीटरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी ओढता येणाऱ्या विजेची मर्यादा, वाढवून घ्यावा लागतो.

सॉकेट मात्र साधा असून चालत नाही. गीझर वीस मिनिटे चालतो, गाडी सलग काही तास पूर्ण भार ओढते. हलक्या सॉकेटमध्ये पिनेची पकड सैल असते, सांध्यावर उष्णता साठते आणि काही आठवड्यांत पांढऱ्या प्लास्टिकवर भोकांभोवती तपकिरी डाग दिसू लागतो. हा डाग दिसला की सॉकेट त्याच दिवशी बदलावा. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने पिनेला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर वायरमनला बोलवावे. एक्स्टेन्शन बोर्डवरून गाडी कधीही चार्ज करू नये.

घरी सोय नाही, पण ऑफिसमध्ये चार्जर आहेत. तेवढ्यावर भागेल का?

भागू शकते, पण चार्जर किती आणि गाड्या किती हे आधी पाहून यावे. आयटी पार्कमध्ये सकाळी साडेनऊनंतर आलेल्याला मोकळा चार्जर मिळेलच असे नाही, आणि ज्याची गाडी दुपारी एकलाच पूर्ण चार्ज झाली आहे तो मीटिंगमधून उठून ती हलवायला येत नाही. नोकरी बदलली, घरून काम सुरू झाले किंवा कंपनीने जागा सोडली, तर आपली 'टाकी' दुसऱ्याच्या आवारात राहिलेली असते. ऑफिसच्या जोडीला दुसरी एखादी सोय असेल तरच यावर विसंबावे.

कंपनी सांगते तेवढे अंतर गाडी खरोखर जाते का?

जात नाही, डिझेलचेही ॲव्हरेज कुठे तेवढे मिळते? खरेदीपूर्वी कंपनीच्या आकड्याच्या दोन तृतीयांश धरावे, म्हणजे पुढे मनस्ताप होत नाही. रोज ५० किलोमीटर जाणाऱ्याला खरे १८० किलोमीटर जाणारी लहान बॅटरीची गाडीही पुरून उरते, आणि तीनशे किलोमीटरची बॅटरी घेऊन रोज पन्नास चालवणे म्हणजे दोघांसाठी रोज दहा माणसांचा कुकर लावण्यासारखे आहे. मोठी बॅटरी वर्षातून चार वेळा गावी जाण्यासाठी घेतली जाते. तेवढ्या चार वेळा वाटेत एकदा थांबण्याची किंवा दुसरी गाडी घेण्याची तयारी असेल, तर दीड-दोन लाख वाचतात.

दोन्ही गाड्यांचा स्वभाव मात्र नेमका उलट आहे, हे ध्यानात घ्यावे. डिझेल गाडी मोकळ्या रस्त्यावर २० च्या पुढे ॲव्हरेज देते आणि गर्दीत कोसळते. इलेक्ट्रिक गाडी गर्दीत खूश असते, कारण ब्रेक लावताना वेग परत विजेत बदलतो आणि सिग्नलला मोटर काहीच खात नाही, फक्त एसी तेवढा चालू राहतो. द्रुतगती मार्गावर १०० च्या वेगाने मात्र तिची बॅटरी भराभर उतरते. वाकडच्या पुलाखाली रोज पाऊण तास घालवणाऱ्याने आणि चाकणहून मोकळ्या रस्त्याने नारायणगावला जाणाऱ्याने एकमेकांचे आकडे विचारून गाडी ठरवू नये.

घाटात काय होते?

दीड टनाची गाडी ५०० मीटर उंच चढवायला सुमारे २ युनिट ऊर्जा लागते. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत उतरतात ते याचमुळे. परत येताना त्यातला अर्ध्याहून अधिक भाग ब्रेकमधून परत मिळतो, आणि खोपोलीला पोहोचल्यावर टक्का वर गेलेला पाहून नवा मालक हमखास फोटो काढतो. एकच काळजी घ्यावी. घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागले, तर परत येणारी वीज साठवायला जागा नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. लोणावळ्यात मुक्काम असेल तर ९० टक्क्यांवर थांबावे.

नव्या डिझेल गाड्यांत फिल्टरचा दिवा लागतो म्हणतात. तो काय प्रकार आहे?

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. अडवलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धूर भरपूर तापावा लागतो, आणि तो तापण्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, असा वापर असेल तर काजळी साठत जाते, दिवा लागतो आणि दुर्लक्ष केल्यास गाडी वेग धरेनाशी होते.

आमच्या आधीच्या डिझेल गाडीत हा दिवा पहिल्यांदा लागला तो वारज्याहून बाणेरला जाताना, ऐन गर्दीत. सर्व्हिस सेंटरने फिल्टर बदलण्याच्या खर्चाचा अंदाज हातात ठेवला. तो खर्च करण्याआधी गाडीसोबत आलेले माहितीपुस्तक उघडून पाहिले, रविवारी सकाळी गाडी सातारा रस्त्याला काढली आणि ६०-७० च्या वेगाने, वरच्या गिअरऐवजी चौथ्यात ठेवून खेड-शिवापूरच्या पुढे नेली, दिवा विझला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ही वारी ठरून गेली. तिला लागणारे डिझेल ॲव्हरेजच्या हिशेबात कोणी धरत नाही.

रोजचा रस्ता मोकळा आणि लांब असेल तर हा प्रश्न येतच नाही. काही डिझेल गाड्यांना याखेरीज युरियाचे द्रावणही घालावे लागते. ते संपले तर गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. आपण पाहत असलेल्या गाडीत ते आहे का, हे विचारून घ्यावे.

कर, विमा आणि टोल यांत काय फरक पडतो?

इलेक्ट्रिक गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. चार मीटरच्या आतल्या, १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर उपकरासह ३१ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. यामुळे लहान डिझेल गाडी बरीच स्वस्त झाली आणि दोघींमधले अंतर वाढले; त्यापूर्वीचे तुलनेचे तक्ते आता उपयोगाचे नाहीत. आरटीओत पासिंग करताना महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या डिझेल गाडीला १३ टक्के वाहनकर लागतो, तर इलेक्ट्रिकला तो माफ आहे. त्यामुळे एक्स-शोरूम किमती कधीही शेजारी ठेवू नयेत, ऑन रोड किमतीच ठेवाव्यात.

थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मात्र किमतीवर ठरतो, त्यामुळे एकूण विमा बहुधा डिझेलपेक्षा जास्तच भरतो. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. फास्टॅगमधून पैसे कापल्याचा संदेश येतो का, हे तरी पहिल्या एक-दोन फेऱ्यांना तपासावे. रोज अटल सेतूवरून जाणाऱ्यासाठी ही एकच सवलत बाकीच्या सगळ्या हिशेबाला भारी पडते.

इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावर प्राप्तिकरात सवलत मिळते ना?

नव्या कर्जावर मिळत नाही. कलम ८०ईईबीखाली व्याजावर दीड लाखांपर्यंतची वजावट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. विक्रेते अजूनही तिचा उल्लेख करतात.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना फायद्याची आहे का?

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर या पद्धतीने ९.९९ लाखांना बाजारात आली, तेव्हा बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये होते. त्यात घरच्या विजेचे २ रुपये मिळवले की साडेपाच रुपये होतात. वर काढलेला डिझेलचा आकडा ५ रुपये ६० पैसे होता. म्हणजे आज कमी पैसे भरून आपण रोजची बचत कंपनीला देऊन टाकतो. कमी फिरणाऱ्याला, किंवा बॅटरीची धास्ती ज्याच्या मनातून जातच नाही त्याला, ही योजना ठीक आहे. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्यासाठी ती नाही. शिवाय अशा योजनांत महिन्याला किमान किती किलोमीटरचे भाडे भरावेच लागते, हे करारात वाचून घ्यावे.

आठ वर्षांनी बॅटरी संपली की सगळी बचत त्यातच जाणार नाही का?

बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तितकी हमी देतात. हमी संपते त्या दिवशी बॅटरी मरत नाही. तिची क्षमता हळूहळू घटत जाते. दोनशे किलोमीटर जाणारी गाडी दीडशे जाऊ लागली तरी पन्नास किलोमीटरच्या अपडाऊनला ती पुरतेच, त्यामुळे या वापरासाठी ही भीती जरा जास्तच रंगवली जाते. खरा तोटा विकताना होतो. जुन्या डिझेल गाडीची किंमत सांगणारे दहा दलाल कोणत्याही गावात भेटतील. जुन्या इलेक्ट्रिक गाडीची किंमत मात्र अजून कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. तीन-चार वर्षांनी गाडी बदलण्याची सवय असेल तर इलेक्ट्रिकपासून लांब राहावे. दहा वर्षे वापरणार असाल तर ही चिंता बरीच कमी होते.

पावसाळ्यात, तुंबलेल्या पाण्यात धोका असतो का?

बॅटरीचे कवच बहुतेक गाड्यांत आयपी६७ दर्जाचे, म्हणजे पाणी आत न शिरणारे असते. डिझेल इंजिन हवेच्या नळीतून पाणी ओढून बसले तर इंजिन उघडावे लागते. हा प्रकार इलेक्ट्रिकमध्ये नाही. पण म्हणून मुंबईत हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्यात गाडी घालावी असे नाही. तळाला मार बसलेला असेल तर पाण्यातून गेल्यावर तपासणी करून घ्यावी. खुल्या जागेतल्या सॉकेटला झाकण आणि वरून आडोसा असावा.

या दोन्हींपेक्षा सीएनजी बरी नाही का?

अनेकांसाठी बरी आहे. किलोला ९० रुपये आणि २२ किलोमीटर धरले तर किलोमीटरला सुमारे ४ रुपये १० पैसे पडतात, आणि गाडी डिझेलपेक्षा स्वस्त येते. ज्याच्याकडे रात्रीच्या वायरीची सोय नाही आणि अंतर मध्यम आहे, त्याने डिझेलच्या आधी हिचा विचार करावा. रांगेत जाणारा वेळ आणि निम्मी डिकी अडवणारी टाकी या दोन गोष्टींची तयारी हवी.

वीज कोळशापासूनच होते, मग इलेक्ट्रिकने प्रदूषण कमी कसे होते?

देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ६ किलोमीटरला एक युनिट या हिशेबाने किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅम. एक लिटर डिझेल जळून २.७ किलोच्या आसपास निघतो, म्हणजे १६ च्या ॲव्हरेजला किलोमीटरमागे १६५ ते १७० ग्रॅम. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. बॅटरी बनवतानाचा धूर यात धरलेला नाही. सिग्नलवर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडात धूर जात नाही, हा फायदा मात्र निर्विवाद आहे.

दिल्लीसारखी दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होईल का?

राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा तो आदेश दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता होता. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती वाढवता येते. तथापि, दिल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्या त्यानंतर स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या आहेत. एमएच नसलेल्या क्रमांकाची गाडी फार स्वस्त मिळत असेल, तर ना हरकत दाखला आणि इथला वाहनकर धरून किंमत किती होते ते आधी काढावे.

चालवून पाहताना काय तपासावे?

शोरूमच्या मागच्या गल्लीतली पाच मिनिटांची फेरी कामाची नाही. गाडी सकाळच्या ऑफिसच्या वेळी मागावी, आपल्याच रस्त्याने, एसी लावून आणि शक्य असेल तर घरातली चार माणसे बसवून न्यावी. डिझेल असेल तर गर्दीत क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मोजावे. पन्नाशीच्या गुडघ्याला ते संध्याकाळी कळते. इलेक्ट्रिक असेल तर निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवावेत. मग ती गाडी आपल्या सोसायटीत उतरवावी, आपल्या ठरलेल्या जागेत उभी करावी, डिकीतली चार्जिंगची केबल काढावी आणि गाडीचे तोंड कुठे येते, खांब मध्ये येतो का, केबल सॉकेटपर्यंत पोहोचते का, हे प्रत्यक्ष लावून पाहावे. आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या गाडीची केबल अडीच फूट अपुरी पडली होती, आणि ते डिलिव्हरीच्या दिवशी, पेढे वाटून झाल्यावर लक्षात आले.